बग कोडमध्ये नव्हता: डबा, मोटर आणि दहा मिलिसेकंद

 

नेहमीप्रमाणे या भागाचा मजकूर इथे लिहून देतोय. या वेळी तर जास्तच गरज आहे, कारण आकडे बरेच आहेत, आणि पीएमटीत उभं राहून कानात ऐकलेले आकडे डोक्यात राहत नाहीत. बोलताना जिथे अडखळलो, पाच-पाच वेळा 'म्हणजे' म्हणालो, ते काढून टाकलंय. बाकी तसंच ठेवलंय.

तर मी सॉफ्टवेअरवाला माणूस, हे तुम्हाला माहीत आहे. बीटेकच्या पहिल्या वर्षी बेसिक इलेक्ट्रिकलचा एक पेपर होता. पास झालो आणि विसरलो. त्याच्या आधी दहावीच्या विज्ञानात 'प्रत्यावर्ती विद्युतधारा' आणि 'दिष्ट विद्युतधारा' पाठ केल्या होत्या, त्याही विसरलो. आजचा भाग त्या विसरण्याबद्दल आहे. एका कपॅसिटरने माझ्या वडिलांची मोटर जवळजवळ जाळली होती. खरं तर कपॅसिटरने नाही, तो नव्हता म्हणून.

आमचं शेत सांगोल्याकडे, डाळिंबाची बाग आहे. शेतातली थ्री फेज लाईट आठवड्यातले काही दिवस दिवसा असते आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की अण्णा, म्हणजे माझे वडील, एक-दोन वाजता उठून बॅटरी घेऊन विहिरीवर जाणार, स्टार्टर दाबणार, ठिबक सुरू झालंय का बघणार. त्यांचा गुडघा दुखतो. बांधावर साप निघतात. पुण्यात एसीच्या ऑफिसात बसून मी हे फोनवर ऐकायचो आणि मला काहीतरी वाटायचं, म्हणून मी एक डबा बनवला.

डब्यात ईएसपी-३२ नावाचा छोटा प्रोसेसर, एक जीएसएम मॉड्यूल आणि दोन रिले. लाईट आली की डबा तिन्ही फेज तपासणार, विहिरीतली पाण्याची पातळी बघणार, मोटर चालू करणार आणि अण्णांना मिस्ड कॉल देणार. तुम्ही लगेच म्हणाल की बाजारात तयार ऑटो स्टार्टर मिळतो. मिळतो, मला माहीत आहे. पण मला पातळीही बघायची होती, आणि खरं सांगू का, इतकी वर्षं शिकून घरासाठी एकदा तरी हाताने काहीतरी करून दाखवावं अशी खाज होती.

पुण्यात माझ्या टेबलावर हा डबा पंधरा दिवस अखंड चालला. एकदाही रीसेट नाही. त्याला वीज देत होतो जुन्या राऊटरच्या १२ व्होल्टच्या अडॅप्टरने. पण शेतावर असले अडॅप्टर टिकत नाहीत, व्होल्टेज वर-खाली होतं आणि महिन्याभरात जातात. म्हणून तपकीर गल्लीतून लोखंडी पट्ट्यांचा, चांगला जड, १२ व्होल्ट १ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर आणला. त्याच्या पुढे चार डायोडचा ब्रिज, आणि ब्रिजच्या पुढे ते निळं बक मॉड्यूल, एलएम २५९६ चं. सगळ्यांनी पाहिलेलं असतं ते, वर एक छोटा पितळी स्क्रू असतो, तो फिरवून ५ व्होल्ट लावायचे. त्या मॉड्यूलवर इनपुटला १०० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर आधीच असतो. मी म्हटलं, झालं, फिल्टर आहेच की. अजून काय पाहिजे?

शनिवारी दिवसा बसवला. चालला. रविवारी मी पुण्याला परत.

बुधवारी रात्री पावणेतीनला अण्णांचा फोन. "आरं, तुझा डबा कटकट करायलाय. मोटर चालू-बंद, चालू-बंद." मागे स्टार्टरचा आवाज ऐकू येत होता, खटाक, खटाक. मी अंथरुणातून ओरडलो, "अण्णा, मेन स्विच पाडा आधी!" त्यांनी पाडला. म्हणजे रात्री पावणेतीनला ते विहिरीवर गेलेच. जे टाळायला डबा केला, तेच.

मोटर अशी वरचेवर चालू-बंद होणं किती वाईट, ते सांगतो. चालू होतानाचा करंट नेहमीच्या करंटच्या पाच-सहा पट असतो. तो दर चार सेकंदांनी वाइंडिंगमधून गेला तर वाइंडिंग तापतं आणि जळतं. मग मोटर विहिरीतून काढा, तालुक्याला न्या, भरून आणा, आणि तोवर बागेला पाणी नाही.

आता माझ्यासारखा माणूस काय करतो? लॉग बघतो. चुलतभावाला लॅपटॉप लावायला सांगितला. त्याने स्क्रीनचा फोटो पाठवला, त्यात स्वच्छ लिहिलेलं: 'ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड'. मराठीत सांगायचं तर प्रोसेसर म्हणत होता की बाबा, मला मिळणारं व्होल्टेज फार खाली गेलं, म्हणून मी स्वतःला रीसेट केलं.

आणि मी काय केलं? इंटरनेटवर शोधलं. ब्राउनआउट डिटेक्टर बंद करण्याची एका ओळीची युक्ती सगळीकडे आहे. ती ओळ कोडमध्ये टाकली आणि पाठवून दिली. तक्रार करणाऱ्याचं तोंड बंद केलं. लाज वाटते सांगायला, पण हेच केलं.

पुढच्या रात्रीच्या पाळीला कटकट झाली नाही. डबा अर्धवट व्होल्टेजमध्ये गोठला, रिले चालू अवस्थेत अडकला, आणि पाण्याची पातळी बघणारा कोड चालतच नव्हता. सकाळी अण्णा गेले तेव्हा विहिरीचा तळ दिसत होता आणि मोटर कोरडी फिरत होती. सुदैवाने वाचली. अण्णा मला काही बोलले नाहीत. फक्त डब्याची वायर काढून ठेवली. ते न बोलणं मला जास्त लागलं.

त्या शनिवारी मी गावी गेलो. डबा पिशवीत घालून गावातल्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांकडे नेला. मी त्यांना कोड समजावून सांगायला लागलो. त्यांनी झाकण उघडलं, ब्रिजवर बोट ठेवलं आणि विचारलं, "ह्याच्या म्होरं मोठा कंडेन्सर कुठं हाय?"

मी त्यांना मॉड्यूलवरचा १०० चा दाखवला. ते हसले. काही बोलले नाहीत, चहा सांगितला.

आता गणित. घाबरू नका, गुणाकार-भागाकारच आहेत.

आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा वर-खाली होते. ब्रिज काय करतो, खालचा भाग उलटा करून वर आणतो. त्यामुळे ब्रिजच्या पुढे तुम्हाला टेकड्या दिसतात, सेकंदाला १००. म्हणजे दर १० मिलिसेकंदांनी एक टेकडी, आणि दोन टेकड्यांच्या मध्ये दरी. ही दरी थेट शून्यापर्यंत जाते. मल्टिमीटर तुम्हाला सरासरी दाखवतो, त्यामुळे त्याच्यावर सगळं ठीकच दिसतं. मी स्वतः मल्टिमीटरवर १३-१४ व्होल्ट बघून खूश झालो होतो.

१२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरची टेकडी किती उंच? १२ गुणिले १.४१४, म्हणजे साधारण १७. ब्रिजमध्ये करंट एका वेळी दोन डायोडमधून जातो, ते दोघं मिळून जवळपास २ व्होल्ट खातात. उरले १५. टेकडीच्या माथ्याला कपॅसिटर १५ व्होल्टला भरतो. मग टेकडी उतरते, डायोड बंद होतात, आणि पुढचा माथा येईपर्यंत डब्याचा सगळा संसार एकटा कपॅसिटर चालवतो. पुण्यात सकाळी तासभर नळाला पाणी येतं आणि दिवसभर गच्चीवरची टाकी घर चालवते, तसं. प्रश्न एवढाच की टाकी केवढी आहे आणि घरात माणसं किती.

माझ्या डब्यात माणसं किती? जीएसएम मॉड्यूल टॉवरशी बोलायला लागलं की ते झटक्याझटक्याने करंट ओढतं, त्यात प्रोसेसर आणि रिले. गडबडीच्या वेळी ५ व्होल्टला सरासरी अर्धा अँपिअर, म्हणजे २.५ वॅट. बक मॉड्यूल स्वतः थोडं खातं, म्हणून इनपुटला ३ वॅट धरू. ३ वॅट, १० मिलिसेकंद. लागणारी ऊर्जा ३० मिलिज्यूल. खरं तर डायोड मध्ये दोनेक मिलिसेकंद चालू असतात, त्यामुळे थोडी कमीच लागते, पण १० धरलेले बरे.

आणि १०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये १५ व्होल्टला साठलेली ऊर्जा किती? अर्धा गुणिले सी गुणिले व्होल्टेजचा वर्ग. येतात ११ मिलिज्यूल.

खर्च ३० आणि टाकीत ११. एवढंच होतं सगळं. तीन आठवडे मी कोडमध्ये बग शोधत होतो.

मग तो दिवसा चालला कसा, असं तुम्ही विचाराल. कारण नुसता बसलेला डबा अर्ध्या-पाऊण वॅटवर चालतो, त्याला दरी ओलांडायला ५ मिलिज्यूल पुरतात. जीएसएम बोललं की मेला. आणि पुण्यात चालला कारण राऊटरच्या अडॅप्टरमधून आधीच सपाट डीसी येत होता, तिथे दरीच नव्हती. 'माझ्या मशीनवर तर चालतंय' म्हणणाऱ्यांना मी ऑफिसात किती हसलोय, आठवलं.

इथे एक गोष्ट मला नीट कळायला वेळ लागला, आणि स्विचिंग रेग्युलेटरच्या बाबतीत तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. कॉलेजात आपण रिपल फॅक्टर काढायचो. त्यातून डोक्यात बसतं की फिल्टरचं काम म्हणजे रेषा सपाट करणं, जितकी सपाट तितकी चांगली. बक रेग्युलेटरला सपाट रेषेची गरजच नाही. तो सेकंदाला दीड लाख वेळा स्विच चालू-बंद करतो. १०० वेळा वर-खाली होणारं इनपुट त्याच्यासाठी गोगलगाय आहे. इनपुट १५ वरून १० ला येऊन परत १५ ला गेलं तरी तो आउटपुटला ५ देत राहतो. त्याला फक्त एक तळरेषा हवी. ५ व्होल्ट काढायचे तर एलएम २५९६ ला इनपुटला किमान ७ व्होल्ट लागतात. दरी ७ च्या वर राहिली की तो सुखी. एका क्षणासाठीही ७ च्या खाली गेली की आउटपुट त्याच्यासोबत खाली.

दुसरं, तो चिवट आहे, आणि हा चिवटपणा अंगाशी येतो. जुना ७८०५ असता तर आउटपुटला अर्धा अँपिअर म्हणजे इनपुटलाही अर्धाच अँपिअर, व्होल्टेज काही असो. बक तसा नाही. त्याला वॅट हवेत. १५ व्होल्ट असतील तर ३ वॅटसाठी ०.२ अँपिअर घेईल. व्होल्टेज साडेसातला आलं तर ०.४ घेईल. म्हणजे टाकीतलं पाणी जसं कमी होतं, तसा हा नळ आणखी उघडतो! दरीच्या तळाशी घसरण सर्वात जोरात होते. त्यामुळे थोडं कमी पडलं तर थोडीशीच गडबड होईल, असं होत नाही. सगळंच एकदम कोसळतं.

यातूनच एक गमतीशीर धोका निघतो. व्होल्टेज कमी झालं की करंट वाढतो, म्हणजे इनपुटकडून बघितलं तर रेग्युलेटर उणे रेझिस्टन्ससारखा वागतो. माझ्या बाबतीत १५ चा वर्ग भागिले ३, उणे ७५ ओहम. मी मध्येच हुशारी करून कपॅसिटरच्या जागी एक कॉइल आणि लहान कपॅसिटर लावायला निघालो होतो. असा फिल्टर आणि उणे रेझिस्टन्स एकत्र आले, आणि फिल्टरचा इम्पिडन्स त्या ७५ च्या जवळ गेला, तर सगळं सर्किट आपणहून डोलायला लागू शकतं. कॅलटेकच्या मिडलब्रूक यांनी १९७६ साली यावर जो पेपर लिहिला, तो आजही पॉवर सप्लायवाले लोक वाचतात. शिवाय १०० हर्ट्‌झ अडवायला कॉइल लागते ती डाळिंबाएवढी. कॉइल परत पिशवीत.

बरं, मग कपॅसिटर केवढा? २२०० मायक्रोफॅरडमध्ये १५ व्होल्टला जवळपास २५० मिलिज्यूल मावतात. त्यातले ३० गेले तर व्होल्टेज १४ ला येतं. उत्तम. मी २२०० लावून परत येणारच होतो. काकांनी तेव्हा विचारलं, "मोटर उचलताना लाईट किती होती?"

हे मी मोजलंच नव्हतं. आमचं शेत डीपीपासून लांब, लाईनचं शेवटचं टोक. रात्री सगळ्यांच्या मोटरी चालू. आम्ही दोघं मल्टिमीटर घेऊन विहिरीवर गेलो. २३० च्या जागी १८० दिसत होते. अण्णांनी हाताने मोटर चालू केली, आणि आकडा सेकंदभर १३० ला गेला.

१३० ला काय होतं बघा. १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर देतो ६.८. टेकडीचा माथा ९.६. दोन डायोड गेले, उरले ७.६. लागतात ७. म्हणजे माथा आणि तळरेषा यांच्यात अर्ध्या व्होल्टची जागा. ४७०० मायक्रोफॅरड लावून हिशेब केला, दरी ६.७ ला जाते. नापास. आणि पिंपभर कपॅसिटर लावले तरी माथ्याच्या वर काही जाणार नाही.

आता तुम्हाला कटकटीचं कोडं सुटलं असेल. डबा रिले ओढतो, मोटर उचलते, लाईनचं व्होल्टेज पडतं, डबा मरतो, रिले सुटतो, मोटर थांबते, व्होल्टेज वर येतं, डबा जागा होतो आणि पहिली गोष्ट काय करतो, तर लाईट आलीय म्हणून मोटर चालू करतो. असं चक्र. कोडमध्ये एकही ओळ चुकीची नव्हती.

मी म्हटलं, मग कपॅसिटर इतका मोठा लावू की तो सेकंदभर तग धरेल. करून बघा: ३ वॅट, एक सेकंद, म्हणजे ३ ज्यूल. १५ व्होल्टपासून ७ पर्यंत उतरताना ३ ज्यूल देणारा कपॅसिटर येतो ३४,००० मायक्रोफॅरडचा. डब्यात दुसरं काही मावलं नसतं. शिवाय एवढा मोठा कपॅसिटर भरताना डायोडमधून प्रत्येक माथ्यावर छोटे पण जोरदार झटके जातात, ट्रान्सफॉर्मर उगाच तापतो. ४७०० ला सुद्धा ट्रान्सफॉर्मरच्या तारेतला करंट डीसी करंटच्या पावणेदोन पटीच्या आसपास असतो, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर ऐपतीपेक्षा थोडा मोठाच घ्यायचा. थोडक्यात, बल्क कपॅसिटर दहा मिलिसेकंदांची दरी भरायला असतो. सेकंदभराचा दुष्काळ हे त्याचं काम नाही, तिथे टेकडीच उंच करावी लागते.

म्हणून ट्रान्सफॉर्मर बदलला, १२ चा १५ व्होल्ट. आता १३० ला माथा १०, आणि ४७०० मायक्रोफॅरडने दरी ९.३. लागतात ७. हे बरं वाटतं. कारण इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर ४७०० लिहिलेलं असलं तरी तो वीस टक्के कमी निघू शकतो, आणि वय झालं की आणखी आटतो. तेवढी सूट ठेवावीच लागते.

पण वर पण बघायचं, मंडळी. इथे बरेच जण फसतात. पहाटे सगळ्यांच्या मोटरी बंद झाल्या की आमच्याकडे २६० दिसतात. आणि लहान ट्रान्सफॉर्मरवर लोड नसेल तर तो लिहिल्यापेक्षा वीसेक टक्के जास्त देतो. १५ चा ट्रान्सफॉर्मर २६० ला, रिकामा, देणार २० व्होल्ट, माथा २८-२९. डायोड वजा केले तरी २७. दुकानातून आधी मी २५ व्होल्टचा कपॅसिटर आणला होता. तो पहाटे फुटला असता, टोपी उडून आतला ओला कागद बाहेर. ३५ चा चालला असता, मी ५० चा घेतला. रेग्युलेटरची स्वतःची मर्यादा ४० ची आहे, मॉड्यूलवरच्या छोट्या कपॅसिटरवर किती छापलंय ते वाचून घ्या, सगळ्या मॉड्यूलवर सारखं नसतं. आणि कपॅसिटर ८५ डिग्रीचा नको, १०५ चा. मे महिन्यात सांगोल्याला पत्र्याच्या डब्यात हात घालून बघा, मग कळेल. तापमान दहा डिग्रीने वाढलं की इलेक्ट्रोलिटिकचं आयुष्य निम्मं होतं, असा साधारण हिशेब आहे.

मॉड्यूलवरचा १०० चा काढायचा नाही, तो राहू द्यायचा. त्याचं काम वेगळं आहे. स्विच दीड लाख वेळा चालू-बंद होताना करंटचे जे बारीक, तीक्ष्ण झटके लागतात, ते चिपच्या अगदी शेजारूनच मिळायला हवेत. दहा सेंटिमीटर वायरच्या पलीकडे बसलेला मोठा कपॅसिटर ते वेळेवर देऊ शकत नाही. मोठा टाकीसारखा, छोटा माठासारखा. दोन्ही लागतात.

हे सगळं झाल्यावर मला एक प्रश्न पडला. आत्ता तुम्ही ज्या फोनवर हे ऐकताय किंवा वाचताय, त्याच्या चार्जरमध्येही हेच आहे: ब्रिज, कपॅसिटर, स्विचिंग. मग तो चार्जर एवढासा कसा? माझा ४७०० चा कपॅसिटर तर अंगठ्यापेक्षा जाड आहे.

चार्जर ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज आधी कमी करत नाही. तो २३० थेट ब्रिजला देतो. टेकडीचा माथा ३२५ व्होल्ट. आणि ऊर्जेच्या सूत्रात व्होल्टेजचा वर्ग आहे. एका जुन्या ५ वॅटच्या चार्जरमधले दोन कपॅसिटर मिळून १० मायक्रोफॅरडच्या आसपास होते. १० मायक्रोफॅरड, ३२५ व्होल्ट: ५२८ मिलिज्यूल. माझा ४७०० मायक्रोफॅरड, १५ व्होल्ट: ५२९ मिलिज्यूल. मी हा हिशेब तीनदा तपासला. शेंगदाण्याएवढा कपॅसिटर आणि माझा तो जाडजूड, दोघांच्या पोटात सारखंच. चार्जरवर '१०० ते २४० व्होल्ट' लिहिलेलं असतं तेही याच बळावर. माथा ३२५ असो की १४०, आतल्या स्विचरला लागणाऱ्या तळरेषेच्या वर दरी राहिली की झालं.

आणि म्हणूनच, कृपा करून, हे ऐकून कुणी चार्जर उघडून बसू नका. प्लग काढल्यावरही त्या शेंगदाण्यात ३२५ व्होल्ट राहू शकतात. माझ्या डब्यातही ४७०० वर एक छोटा रेझिस्टर कायमचा लावलाय, बंद केल्यावर तो हळूहळू रिकामा व्हावा म्हणून. ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडे फ्यूज आहे. २३० च्या बाजूचं काम काकांनी केलं, मी नाही.

कोडमध्ये काय बदललं, ते सांगून टाकतो. ब्राउनआउट डिटेक्टरची ती ओळ काढली, तो परत चालू. रिले असा जोडला की प्रोसेसर काहीही कारणाने गप्प बसला तर मोटर बंदच होणार. रीसेट झाला तर पाच मिनिटं मोटरला हात लावायचा नाही. आणि मोठ्या कपॅसिटरवरचं व्होल्टेज दोन रेझिस्टरमधून प्रोसेसर स्वतः मोजतो, फक्त सरासरी मोजत नाही, सर्वात खालचा आकडा लक्षात ठेवतो आणि रोज एसेमेसने मला पाठवतो. आतापर्यंतचा सर्वात खालचा आकडा ८.८. हिशेबातल्या ९.३ पेक्षा खाली आहे. एकतर व्होल्टेज १३० च्याही खाली गेलं असणार, नाहीतर कपॅसिटर छापल्यापेक्षा कमी भरत असणार. पुढच्या वेळी गेलो की बघतो.

डबा परत बसवायला अण्णांनी दोन आठवडे घेतले. "राहू दे की, मी जातो," हेच. शेवटी चुलतभावाने मधला मार्ग काढला, डब्याच्या बाहेर एक फिरवायचा स्विच लावला, एका बाजूला 'हात', दुसऱ्या बाजूला 'डबा'. खडूने लिहिलंय. रात्रीच्या पाळीला तो स्विच कुठल्या बाजूला आहे हे मला एसेमेसमध्ये कळतं. पहिले तीन आठवडे 'हात'. मी काही बोललो नाही. मागच्या मंगळवारी रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी एसेमेस आला: डबा, मोटर चालू, सर्वात खालचं व्होल्टेज ९.१.

सकाळी फोन केला तर अण्णा म्हणाले, मिस्ड कॉल आला होता, कुशीवर वळून झोपलो.

तुमच्याकडे असा कुठला डबा विनाकारण रीसेट होत असेल तर ब्रिजनंतर केवढा कपॅसिटर आहे आणि तुमच्याकडचं कमीत कमी व्होल्टेज किती, हे दोन आकडे मला पाठवा. पुढच्या भागात त्यातले दोन-तीन घेऊन हिशेब करू. भेटू.